वळचणीचं पाणी भिंतीत

"ताई, माहेर संगमेश्वरच्या पुढे एका वाडीत. जुनं कौलारू घर, जांभ्याच्या भिंती. आईबाबा दोघंच राहतात, बाबा 71 चे आहेत आणि मी डोंबिवलीला. 2019 ला पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची पन्हळ लावून घेतली. पहिली दोन वर्षं छान गेली, त्यानंतर दर पावसाळ्यात मागची पन्हळ भरून वाहते आणि देवघराच्या भिंतीला ओल येते. पाईप आहे न्हाणीच्या टोकाला आणि पाणी सांडतं त्याच्या बरंच अलीकडे, मधेच. गेल्या मेमध्ये बाबांनी स्वतः निसणीवर चढून पन्हळ चकाचक केली तरी जुलैत तेच झालं, वर पाईपातून पाणी येत होतं नळासारखं बारीक. मागे फणस आहे, आणि माकडांचा त्रास तर विचारूच नका. शेजारचे तात्या म्हणतात पन्हळ काढूनच टाका, आमच्या आजोबांनी कधी लावली नव्हती. बाबा म्हणतात यंदा अजून नीट साफ करतो. मी म्हणते तुम्ही चढायचं नाही, आणि मग फोनवर भांडण. मे अर्धा संपत आलाय. काय करू? – पन्हळीवरून भांडणारी लेक"

अगं लेकी, तुझ्या पत्रातलं ते "पाईपातून पाणी बारीक" मी दोनदा वाचलं, कारण सगळी गोम तिथेच आहे. पन्हळ मधेच भरून वाहते आणि टोकाचा पाईप मात्र जवळजवळ रिकामा, म्हणजे पाणी पाईपापर्यंत पोचतच नाहीये. घाणीने पाईप तुंबला असता तर पाणी आधी पाईपाजवळ साठलं असतं, तिथून सांडलं असतं. तुमच्याकडे ते मधेच थांबतंय. त्यामुळे बाबांनी कितीही घासूनपुसून साफ केली तरी काही फरक पडणार नाही, कारण पन्हळीचा उतार गेलाय. नक्की कुठे पाणी मुरतंय ते शोधायला हवं, आणि ह्या वेळी हे अगदी शब्दशः म्हणतेय.

आता एक विनंती, आणि ही बाबांना आजच्या आज फोन करून सांग. पन्हळ इतक्यात साफ करू नका. हो, बरोबर वाचलंस. आधी बघायची, मग साफ करायची. मे महिन्यात पन्हळीत जो वाळका कचरा असतो ना, तो गेल्या पावसाळ्याचा पंचनामा असतो. पाणी जिथून सरसर वाहून जातं तिथे पत्रा जवळपास स्वच्छ राहतो, फार तर वर चार वाळकी पानं. आणि जिथे पाणी तुंबून राहतं तिथे कौलांवरची बारीक माती, शेवाळ, कुजलेली पानं सगळं बसतं आणि ऊन लागलं की त्याची तांबडी पोळी होते, भेगा पडलेली, तव्यावर करपलेल्या घावनासारखी. ती पोळी जिथे सगळ्यात जाड, तिथे पन्हळीचं पोट सुटलंय. बाबांनी गेल्या वर्षी "चकाचक" केली तेव्हा हा सगळा पुरावाच धुऊन टाकला. सुदैवाने एका पावसाळ्यात तो पुन्हा तयार होतो.

बघायला वर चढायची गरज नाही. घरात सेल्फी स्टिक असेल तर ती, नसेल तर एक सरळ चिव्याची काठी घे, वरच्या टोकाला मोबाईल रबरबँडने आणि वर चिकटपट्टीने पक्का बांध, व्हिडिओ चालू कर आणि पन्हळीच्या कडेकडेने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत जा. मी स्वतः असंच करते, दोन वर्षांपूर्वी एकदा मोबाईल पडलाही, म्हणून चिकटपट्टीचं सांगतेय. फक्त मीटरकडे येणारी विजेची वायर वळचणीला कुठून आलीये ते आधी बघ आणि तिथून काठी लांब ठेव. व्हिडिओ मग निवांत ओटीवर बसून बघायचा, पोळी कुठे आहे, पन्हळ धरून ठेवणारे क्लॅम्प कुठले वाकलेत, कौलांची शेवटची रांग कुठे सरकलीये, सगळं दिसतं. आणि तुला तो व्हॉट्सॲपवर डोंबिवलीत पण बघता येईल, त्यामुळे "तू इथे येऊन बघ मग बोल" हे बाबांचं वाक्यही बाद.

उतार का गेला असेल? माझा पहिला संशय माकडांवर, आणि तू स्वतःच ते लिहिलंयस. फणसावरून उडी मारून येणारं वानर पहिला पाय ठेवतं तो नेमका वळचणीवर. एकेक धिप्पाड हुप्प्या असतो, आणि अशा टोळीने दिवसातून दोनदा जायचं-यायचं म्हटलं तर दोन-अडीच फुटांवर असायला हवेत ते क्लॅम्प चार-चार फुटांवर मारलेले असले की मधला पत्रा वाकणारच. काम करणाऱ्याने क्लॅम्प वाचवलेले असतात, हे मी जिथे जिथे पाहिलंय तिथे दिसलंय. त्यात वासा कुठे कुजला असेल तर स्क्रू नुसता नावाला असतो. पन्हळ एक इंच जरी मधे खाली बसली तरी संपलं, कारण मुळात उतारच केवढासा असतो, दर दहा फुटाला अर्धा ते पाऊण इंच. तुमची मागची बाजू समजा 40 फूट धरली आणि पाईप एकाच टोकाला, तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मिळून जेमतेम दोन-तीन इंचांचा खेळ आहे सगळा.

आणि त्यात पाणी किती येतं त्याचा अंदाज सांगते, म्हणजे बाबांनाही पटेल, ते हिशोबी असणार असं उगीच वाटतंय. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की ते बरोबर एक लिटर होतं. तुमचं मागचं पाखं, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, 40 बाय 15 फूट धर, म्हणजे 55-56 चौरस मीटर. तासाला 50 मिलिमीटरने कोसळणारी सर आली, जी आपल्याकडे आषाढात काही अप्रूपाची नसते, तर तासाला 2800 लिटर, म्हणजे मिनिटाला तीन बादल्या पाणी त्या एका पन्हळीत येतं. तीन इंची पाईपाचं तोंड उघडं असेल तर एवढं जाईलही त्यातून. पण फणसाचं एक पान, चांगलं तळहाताएवढं, जाड, मेणचट, ते बरोबर त्या भोकावर जाऊन झाकणासारखं बसतं. दुसरं कुठलंही पान पाण्याने दुमडतं, हे नाही दुमडत. मी फणसाची भक्त आहे, कुवल्यापासून आठळ्यांपर्यंत काही सोडत नाही, पण पन्हळीचा त्याच्याएवढा दुश्मन नाही.

बरं आता काम. व्हिडिओ बघून झाला, पोळी कुठे आहे ते खालून भिंतीवर खडूने खूण करून झालं, की मग साफसफाई. ही कोरड्यातच करायची. वळवाची एक सर पडून गेली की त्या पोळीचा लगदा होतो आणि काम तिप्पट वाढतं. थोडंसं पाणी शिंपडायचं धूळ उडू नये म्हणून, तोंडाला मास्क, हातात जाड रबरी मोजे. उघड्या हाताने अजिबात नाही, वाळक्या पानांखाली विंचू असतो आणि वळचणीला गांधीलमाशांचं पोळं आहे का ते आदल्या दिवशीच बघून ठेवायचं, निसणीवर असताना गांधीलमाशी चावली की माणूस दोन्ही हात सोडतो. खरवडायला खुरपं किंवा कोयती घेऊ नका, पत्र्यावर जस्ताचा थर असतो तो ओरखडला की तिथूनच गंज सुरू. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन तिरका कापला की त्याचं मस्त फावडं होतं, पन्हळीच्या गोलाईत बरोबर बसतं. निघालेला कचरा घमेल्यात भरून माडाच्या आळ्यात टाका, उत्तम खत आहे.

साफ करताना पाईपाचं तोंड आधी फडक्याने बंद करायचं, नाहीतर सगळा कचरा पाईपात जाऊन त्याच्या वळणात म्हणजे एल्बोत अडकतो. आणि काम झालं की ते फडकं आठवणीने काढायचं. हसू नकोस. आमच्याकडे एका वर्षी ते आतच राहिलं. मृग लागला, धो धो पाऊस, आणि पुढच्या दाराशी धबधबा, मी त्या काम करणाऱ्या पोराला मनातल्या मनात काय काय बोलले, आणि फडकं ठेवलेलं कोणी तर मी. जुन्या नऊवारीचा तुकडा होता, चांगला घट्ट बसला होता. तेव्हापासून मी त्या फडक्याला लांब सुतळी बांधून खाली लोंबत ठेवते, दिसत राहते डोळ्यासमोर.

मग बादलीची परीक्षा. पाईपाच्या विरुद्ध टोकाला एका माणसाने पन्हळीत हळूहळू दोन बादल्या पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने खाली पाईपाशी उभं राहायचं. पाणी लगेच आलं आणि जवळपास सगळं आलं तर उतार ठीक. उशिरा आलं, कमी आलं, तर बाकीचं मधे बसलंय. पाच मिनिटांनी परत काठीवरचा मोबाईल फिरवायचा, तळं कुठे आहे ते दिसेल आणि ते तुमच्या खडूच्या खुणेवरच असेल, माझी पैज. त्याच वेळी खालून सांधे पण बघून घ्यायचे, थेंब थेंब कुठे गळतंय ते.

दुरुस्ती म्हणशील तर नवी पन्हळ वगैरे घ्यायची गरज मला वाटत नाही. 2019 चा जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, तुम्ही काही समुद्रकिनाऱ्यावर नाही, खारा वारा नाही, पत्रा अजून चांगला असायला हवा. टोकाला बोटाने दाबून बघायचा, भुगा झाला किंवा आरपार टाचणीएवढी भोकं दिसली तरच बदलायचा, तोही तेवढाच तुकडा. नाहीतर नुसते क्लॅम्प वाढवायचे, दोन फुटाला एक, आणि दोन टोकांना लाइनदोरी ताणून उतार परत धरायचा. गवंड्याकडे लेव्हल पाईप असतो, पाणी भरलेली ती पारदर्शक नळी, तिनेच धरायचा. डोळ्याने नको. जुन्या घराची वळचण स्वतःच कुठे वर कुठे खाली असते, तिच्याशी समांतर लावलेली पन्हळ दिसायला छान दिसते आणि पाणी उलटं नेते. तुमच्याकडे मुळातच असं झालेलं असू शकतं. पण पहिली दोन वर्षं चांगली गेली म्हणतेस म्हणून मी दोष माकडांना देतेय.

ह्याच खेपेला आणखी दोन गोष्टी करून घे, माणूस वर चढलेलाच आहे तर. एक म्हणजे दुसऱ्या टोकालाही पाईप. मधे उंच आणि दोन्हीकडे उतार. मग प्रत्येक बाजूला 20 फुटांचंच पाणी, उतारही एक-सव्वा इंच पुरतो. आणि दोन्हीकडे तीन इंचीऐवजी चार इंची पाईप टाका, तोंड दुपटीच्या जवळ मोठं होतं, फणसाच्या एका पानाने झाकलं जात नाही. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती. पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा अर्धा इंच तरी खाली हवी. पन्हळ कधी ना कधी भरणारच गं, कितीही करा, एखादी सर अशी येतेच. भरली की पाणी कुठल्या बाजूने सांडायचं ते आपण ठरवायचं. बाहेरची कड खाली असेल तर पाणी परसात पडतं, आतली खाली असेल तर वाशांवरून भिंतीत. तुमच्या देवघराच्या भिंतीत पाणी शिरतंय म्हणजे बहुतेक आतली कड खाली गेलीये, क्लॅम्प आतल्या बाजूला पिळलाय.

कौलांची शेवटची रांग पण बघा. कौल पन्हळीच्या आत साधारण दोन इंच यायला हवं. माकडांनी ते वर सरकवलं असेल तर पाणी कौलाच्या पोटाला धरून मागे येतं आणि रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या पट्टीवर, उतरतं, आणि आपण शिव्या पन्हळीला देतो. उलट फार पुढे आलं असेल तर जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून पलीकडे उडी मारतं.

सांध्यांचं थोडक्यात. वरच्या अंगाचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत, त्याच्यावर बसलेला हवा, कौलांसारखाच हिशोब, म्हणजे पाणी सांध्यावरून घसरत जातं. सांध्यातलं जुनं काढून, ब्रशने घासून, कापडाने पुसून कोरडं ठणठणीत झालं की मग सिलिकॉन भरायचं आणि एक दिवस सोडून द्यायचं. पावसात सिलिकॉन फासणं म्हणजे पैसे पाण्यात, ओल्या पत्र्याला ते धरतच नाही. आणि कोणी सिमेंट लावू म्हणाला तर नको म्हण. पत्रा उन्हात पसरतो, रात्री आकसतो, सिमेंट आठ दिवसांत तडकतं.

जाळीबद्दल तू विचारलं नाहीस पण विचारशील. पूर्ण पन्हळीवर बारीक जाळी मारायची जाहिरात सगळीकडे दिसते हल्ली. माझा अनुभव असा की जाळीवर पानं साठतात, त्यात एप्रिल-मेमध्ये काटेसावरीचा कापूस उडत येऊन बसतो, पहिल्या पावसात तो भिजून त्याचा गालिचा होतो आणि पाणी जाळीवरून सरळ पुढे निघून जातं. मग पन्हळ साफ करायच्या आधी जाळी साफ करा, म्हणजे कामं दोन झाली. त्यापेक्षा पाईपाच्या तोंडावर जाड तारेचा मोठा नारळाएवढा गोळा बसवायचा, पान त्याला सगळीकडून झाकू शकत नाही. आणि फणसाची वळचणीवर आलेली फांदी तेवढी छाटून टाका, म्हणजे पानंही कमी आणि वानरांचा पूलही तुटला. फांदी आताच छाटा, फळं उतरवून झाली की. बाबा त्या फांदीसाठी हळहळतील, त्यांना सांग देवघर की फांदी.

आता तात्या. तात्यांना उडवून लावू नकोस, त्यांचं अर्धं बरोबर आहे. जुन्या घरांना पन्हळ नसायची कारण वळचण चांगली दोन-अडीच हात बाहेर काढलेली असायची, पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या, खाली दगड रचलेले असायचे, आणि जोतं उंच. जिथे दोन छपरं मिळायची किंवा दारातून जायचं यायचं असायचं तिथेच तेवढी पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढून पन्हळ टांगायची. आमच्या मागीलदारी मी लहानपणी अशी पाहिलीये, दोन-तीन वर्षांनी कुजायची, बदलायची, खर्च शून्य. म्हणजे आजोबा पन्हळीच्या विरोधात नव्हते, लागेल तिथेच लावायचे. तुमच्याकडे मागे वळचण किती बाहेर आहे ते मोज. देवघराजवळचा भाग सोडून बाकी लांबीला वळचण दोन हात बाहेर असेल, खाली फरशी किंवा दगड असतील आणि तिथून कोणाचं जाणंयेणं नसेल, तर तेवढी पन्हळ काढायला माझी काही हरकत नाही. जेवढी पन्हळ कमी तेवढी देखभाल कमी. पण देवघराच्या भिंतीजवळची काढू नका. जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो, आणि एकदा प्यायला की दिवाळीनंतरच वाळतो. त्याच्या अंगावर रोज पागोळ्यांचे शिंतोडे नकोत.

खाली पाईप जिथे संपतो तिथे काय आहे हे तू लिहिलं नाहीस. पुष्कळ घरांत वर सगळं झकास आणि खाली पाईपाचं पाणी थेट जोत्याच्या पायाशी आपटतं, आणि ओल खालून वर चढते. पाईपाला खाली एल्बो लावून, पुढे चार-पाच फूट तरी पाट काढून पाणी लांब सोडा. देवघराची ओल वरून खाली येतेय की खालून वर चढतेय, हे आईला विचार. तिला नक्की माहीत असेल, रोज तिथे बसते ना ती.

आता बाबा. ह्या बाबतीत मी तुझ्याच बाजूने आहे, पण तुझी पद्धत चुकतेय. "तुम्ही चढायचं नाही" असं 71 वर्षांच्या कोकणी माणसाला फोनवरून सांगितलं की तो त्याच दुपारी, आई झोपली की, चढणार. माझे काका निसणीच्या तिसऱ्या पायरीवरून पडले. तिसऱ्या, फार वरून नाही. मनगट गेलं, प्लास्टर सहा आठवडे, आणि अख्खा पावसाळा डाव्या हाताने जेवले. त्यांना पण आम्ही "चढू नका" म्हणूनच सांगितलं होतं.

त्यांना काम दे, मुकादमाचं. लाइनदोरी कुठून कुठे ताणायची, लेव्हल बरोबर आहे का, क्लॅम्प किती लागले, बादलीची परीक्षा, खडूच्या खुणा, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. आणि वर चढायला वाडीतला एखादा कौलं परतणारा तरुण गडी. तो आत्ताच सांगून ठेवावा लागेल कारण मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या वाडीला तोच हवा असतो. खरं तर एप्रिलमध्येच सांगायला हवं होतं. कामाला निसण घेतील ती बांबूची किंवा लाकडाची, ॲल्युमिनियमची नको, तीच विजेची वायर. आणि निसण पन्हळीला टेकवायची नाही, पन्हळ वाकते, वाशाला किंवा भिंतीला टेकवायची. उंची चार फूट असेल तर पाय भिंतीपासून एक फूट लांब, आठ फूट तर दोन फूट, असा हिशोब. खाली एकाने धरून उभं राहायचं. तेही बाबा नकोत, वरून कौल निसटलं तर ते त्याच्याच डोक्यावर येतं.

वेळेचं म्हणशील तर आपण सगळे "रोहिणी लागल्या की बघू" करतो, म्हणजे 25 मेच्या आसपास, आणि मृगाला 7-8 जूनला पाऊस येणार हे धरून चालतो. 2025 ला पाऊस 26 मेलाच मुंबईत हजर झाला, नेहमीची तारीख 11 जून असताना. त्या वर्षी अर्ध्या कोकणाची कौलं परतायची राहिली होती. आणि त्याआधी 2021 ला मेच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ आलं होतं. त्यामुळे तू पत्रात "मे अर्धा संपत आलाय" लिहिलंस ते वाचून मला जरा धस्स झालं. ह्या शनिवार-रविवारी जाता येत असेल तर जाऊन ये.

पण मेमधली सफाई झाली म्हणजे वर्षाचं काम झालं असं नाही, आणि इथेच बाबांची गेल्या वर्षीची दुसरी चूक. पहिल्या आठ-दहा दिवसांच्या वाऱ्यापावसात झाडावरची जी काय पिकली पानं, काटक्या, मोहराच्या वाळक्या काड्या असतात ते सगळं एकदम खाली येतं. तेव्हा एक उघडीप बघून पुन्हा काठीवरचा मोबाईल फिरवायचा आणि पाईपाच्या तोंडाशी साठलं असेल तर काढायचं, पूर्ण साफ करायची गरज नसते. तिसऱ्या वेळेला तू स्वतः असशील, गणपतीला येशीलच ना. दोन दिवस आधी ये. श्रावणात उन्हं पडतात, पाऊस थांबून थांबून येतो, आणि पोट सुटलेल्या पन्हळीत पाणी साठून त्यात डेंग्यूच्या डासांची अळी होते. आठ-दहा दिवसांत अळीचा डास. आरोग्य खात्याचे लोक "कोरडा दिवस पाळा" म्हणून पिंप आणि टायर बघून जातात, छपरावर कोण बघतंय. त्या डासाची अंडी सुक्यातही कित्येक महिने टिकतात, पुढच्या पावसाची वाट बघत. त्यामुळे दिवाळीनंतर पाऊस पूर्ण गेला की पन्हळ एकदा ओल्या ब्रशने घासून कोरडी करून ठेवायची. हे काम मात्र कोणी करत नाही. मी पण दोनच वर्षं केलंय, खोटं कशाला बोलू.

खर्चाचं नक्की सांगता येणार नाही, गावागावात मजुरी वेगळी. पण क्लॅम्प, दोन पाईप, एल्बो, सिलिकॉन आणि गड्याचे एक-दोन दिवस, एवढंच सामान आहे. नवी पन्हळ बसवायला कोणी कोटेशन दिलं असेल तर ते आधी बाजूला ठेव आणि बादली ओतून बघ. पाईप आणि क्लॅम्प संगमेश्वरला किंवा देवरुखला हार्डवेअरच्या दुकानात मिळतील, पण लांबी मोजून जा, मी एकदा अंदाजाने आणलेले क्लॅम्प पन्हळीपेक्षा लहान निघाले होते आणि दुकानदाराने ते परत घेतले नाहीत.

आणि जाशील तेव्हा देवघराच्या भिंतीवर ओल जिथपर्यंत आली होती त्या रेषेवर पेन्सिलने बारीक खूण करून बाजूला तारीख लिहून ठेव, आईला सांग ती पुसू नकोस म्हणून. गणपतीला परत बघ, रेघेच्या आत आहे की बाहेर, आणि मला कळव.